मोहॉकच्या पागेवरील पहारा

टोरोंटो शहरातून पश्चिमेस निघालेला ४०१ क्रमांकाचा महामार्ग मिल्टन गाव मागे टाकतो, तेव्हा दुतर्फा असलेली गोदामे हळूहळू विरळ होतात आणि नायगारा कड्याचे चुनखडीचे उभे पाषाण दिसू लागतात. मिल्टनमध्ये आता भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. रोज हा रस्ता तुडवणाऱ्या त्या मंडळींपैकी अनेकांना पुढच्या ग्वेल्फ लाइन फाट्यावरील दिव्यांचे उंच खांब ठाऊक असतात. मात्र त्या खांबांखाली काय चालते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. फाट्याला लागून कॅम्पबेलव्हिल नावाचे खेडे आहे आणि खेड्याच्या वेशीवर वुडबाइन मोहॉक पार्क. १९६३ साली सुरू झालेली ही धावपट्टी पाऊण मैलाहून लांब आणि मैलाहून थोडी आखूड, म्हणजे सात अष्टमांश मैलाची आहे. येथे घोडे धावतात, पण त्यांच्या पाठीवर स्वार नसतो. प्रत्येक घोड्यामागे दोन चाकांची, सायकलीसारखी हलकी गाडी जोडलेली असते आणि तिच्यावर पाय पुढे पसरून चालक बसलेला असतो. त्या गाडीला सल्की म्हणतात.

मुंबईच्या महालक्ष्मीची शर्यत ज्याने पाहिली असेल त्याला येथे प्रथम चुकल्यासारखे वाटते, कारण येथे भरधाव सुटणे हाच दोष समजला जातो. घोड्याने ठरलेली चाल मोडली, तर चालकाने त्याला बाजूला घेऊन पुन्हा चालीवर आणले पाहिजे. तोवर बाकीचे पुढे निघून जातात. चाली दोन. पुढचा उजवा व मागचा डावा असे तिरके पाय एकत्र पडतात ती दुडकी. एका अंगाचे दोन्ही पाय एकत्र पडतात ती दुसरी. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखणारे ज्या रेवाल चालीसाठी जादा पैसे मोजतात, तिची ही नातलग म्हणावी लागेल. उत्तर अमेरिकेत या दुसऱ्या चालीचे घोडे अधिक आहेत. चाल मोडू नये म्हणून त्यांच्या एकेका बाजूचे पाय पट्ट्यांनी जोडलेले असतात.

या जातीचे नाव स्टँडर्डब्रेड. १८७९ साली नोंदणीसाठी एक प्रमाण ठरवण्यात आले: मैलभर अंतर अडीच मिनिटांत. त्या प्रमाणावरून हे नाव पडले. आज या जातीच्या बहुतेक सर्व घोड्यांचा वंश ज्या एका घोड्यापर्यंत पोचतो, तो हॅम्बल्टोनियन १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मला. विल्यम रिस्डिक नावाच्या शेतमजुराने त्याला त्याच्या आईसह १२५ डॉलरला विकत घेतले आणि त्या शिंगराने पुढे १३३१ पिल्लांचे पितृत्व केले. व्यापारी घरांत सांगण्याजोगा हा सौदा आहे. अडीच मिनिटांचे ते प्रमाण आता फार मागे राहिले. २०२२ मध्ये बुलडॉग हॅनोव्हर या घोड्याने न्यू जर्सीच्या मेडोलँड्स धावपट्टीवर तोच मैल एक मिनिट पंचेचाळीस सेकंद आणि सेकंदाच्या चार पंचमांशात पार केला. इतका वेग हाडामांसाकडून काढून घेतला जातो, तेव्हा त्या हाडामांसाकडे पाहणारे कोणीतरी तेथे उभे असावे लागते. मोहॉकच्या पागेत संध्याकाळी सर्वांत आधी येऊन सर्वांत उशिरा जाणाऱ्यांत अशी एक व्यक्ती असते: नियामक पशुवैद्यक.

हे काम समजून घेण्यासाठी आधी पैशाची वाट पाहिली पाहिजे. येथील पैज पॅरी-म्युच्युअल पद्धतीची आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलर याने ती शोधून काढली. तीत पैज लावणारे एकमेकांविरुद्ध पैसे लावतात. सारी रक्कम एका ठिकाणी गोळा होते, ठरलेला हिस्सा वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. ज्या घरांत जुगाराला उंबरठा ओलांडू दिला जात नाही, त्या घरांतील वाचकालाही यातील एक गोष्ट चटकन कळेल. कोणी आपल्या घोड्याला गुपचूप उत्तेजक दिले, तर फसवणूक एखाद्या पेढीची होत नाही. तिकीट काढलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाच्या खिशातून थोडे थोडे काढले जाते. म्हणून कॅनडाच्या केंद्र सरकारने, तेही कृषी खात्याच्या आधिपत्याखाली, कॅनेडियन पॅरी-म्युच्युअल एजन्सी चालवली आहे. पैजेच्या प्रत्येक शंभर डॉलरमागे ऐंशी सेंट तिच्याकडे जातात आणि घोड्यांच्या रक्त-मूत्राची चाचणी त्यातून होते. ऑन्टॅरिओ प्रांतात धावपट्टीचे नियमन २०१६ पासून मद्य व जुगार आयोगाकडे आहे आणि अधिकृत पशुवैद्यकाची जबाबदारीही त्याच व्यवस्थेत येते. म्हणजे घोड्याच्या रक्ताची ही मोठी तपासणी मुळात पैज लावणाऱ्याचा विश्वास टिकावा म्हणून उभी राहिली. घोड्याचे हित तिच्यासोबत आले आणि आता त्याला स्वतःची जागा मिळाली आहे. तरी हा क्रम विसरू नये.

या पशुवैद्यकाचे स्थान विलक्षण आहे. ज्याला पाच-सात वर्षे रोग बरे करण्याचे शिक्षण मिळाले, त्याने येथे कोणाचाही रोग बरा करायचा नसतो. पागेतील घोड्यांवर उपचार करणारे डॉक्टर वेगळे असतात. त्यांना प्रशिक्षक बोलावतो, मालक पैसे देतो. नियामक पशुवैद्यकाला मालकाकडून एक सेंटही घेता येत नाही. त्याने पाहायचे, चाचपायचे, नोंदवायचे आणि वेळ आली तर 'हा घोडा आज धावणार नाही' एवढेच सांगायचे. धावपट्टीवर एखाद्याचा पाय मोडला तर वेदना कायमची थांबवणारे औषध तेवढे त्याच्या हाताशी असते. पाठीवर स्वार घेऊन भरधाव सुटणाऱ्या शर्यतींच्या तुलनेने सल्कीच्या शर्यतींत असे अपघात बरेच कमी होतात. पण होतात.

आज या व्यवसायात स्त्रिया बहुसंख्य आहेत. मोहॉकसारख्या पागेत हे काम करणारी व्यक्तीही पुष्कळदा स्त्रीच असते. संध्याकाळी दहा-बारा शर्यती, एकेकीत दहापर्यंत घोडे, म्हणजे शंभराच्या आसपास जनावरे तिच्या नजरेखालून जातात. पहिले काम ओळख पटवण्याचे. या जातीच्या घोड्यांच्या मानेवर द्रव नायट्रोजनमध्ये गारठवलेल्या ठशाने क्रमांक उमटवत. त्या जागी पांढरे केस उगवतात आणि क्रमांक जन्मभर वाचता येतो. अलीकडे मानेत चिप बसवतात. एकाच्या नावावर दुसराच घोडा धावू नये यासाठी ही खबरदारी. नाण्याची खूण पाहून मग ते घ्यावे, तशीच ही रीत.

त्यानंतर रक्त. येथे एक चीज अशी सापडते की प्रत्येक गृहिणी तिला ओळखेल: खाण्याचा सोडा. जोरात धावताना स्नायूंत आम्लता वाढते आणि घोडा थकतो. ती आम्लता मारण्यासाठी काही लोक साखरपाण्यात भरपूर सोडा कालवून, नाकातून नळी घालून, शर्यतीच्या काही तास आधी तो घोड्याच्या पोटात सोडत. पागेच्या बोलीत याला 'मिल्कशेक' म्हणतात. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले परत येण्याचा मार्ग नसतो; आणि नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली, तर घोडा डोळ्यांदेखत मरू शकतो. म्हणून शर्यतीपूर्वी रक्त घेऊन त्यातील एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात. लिटरमागे ३७ मिलिमोल ही मर्यादा. फ्युरोसेमाइड घेतलेल्या घोड्यासाठी ३९.

हे फ्युरोसेमाइड म्हणजे आणखी एक गुंता. कमाल वेगात घोड्याच्या फुप्फुसातील केशवाहिन्यांवर एवढा दाब येतो की त्या फुटून रक्तस्राव होतो. हे औषध दिले म्हणजे मूत्रावाटे पाणी निघून जाते, दाब उतरतो आणि रक्तस्राव कमी होतो. ज्या घोड्यांना हा त्रास असल्याचे नोंदवले आहे, त्यांना ते शर्यतीच्या चार तास आधी, देखरेखीखाली देतात. काही तासांत घोड्याचे वजन दहा किलोहूनही अधिक घटते. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या दिवशी या औषधाला परवानगी नाही. फुप्फुसातून रक्त येणाऱ्या प्राण्याला औषध देऊन पळवणे ही दया, की न पळवणे ही दया, यावर उत्तर अमेरिकेतील पशुवैद्यकांत अनेक वर्षे वाद चालू आहे. नियामक पशुवैद्यकाने मात्र या वादात न शिरता घड्याळ पाहून वेळ लिहायची.

मनुष्याच्या लोभाला सीमा राहिली नाही म्हणजे सोडाही पुरत नाही. मार्च २०२० मध्ये सीमेपलीकडे न्यूयॉर्कच्या केंद्रीय सरकारी वकिलांनी शर्यतीच्या घोड्यांना गुप्त द्रव्ये दिल्याच्या प्रकरणात २७ जणांवर आरोप ठेवले. त्यांत सल्कीच्या शर्यतींशी संबंधित प्रशिक्षक होते आणि पशुवैद्यकही होते. एकाच शिक्षणातून आलेले दोन हात. एक नमुन्याच्या बाटलीला मोहोर लावतो, दुसरा त्या बाटलीला चकवणारे द्रव्य तयार करतो. याउलट निरपराध चूकही घडते. पाहुण्यांच्या मुलाने लाडाने चॉकलेटचा तुकडा भरवला, तरी त्यातील थिओब्रोमिन चाचणीत उतरते आणि दोष प्रशिक्षकाच्या माथी येतो, कारण घोड्याच्या पोटात जे जे सापडेल त्याचे उत्तरदायित्व नियमाने त्याच्यावर असते. पागेतील जुनी माणसे म्हणूनच खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवतात आणि चॉकलेटला पागेत येऊ देत नाहीत.

या सगळ्या यंत्रसामग्रीत सर्वांत जुने साधन उरते ते तिचे उघडे बोट. जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली वीसच्या जवळ गेलेला असतो. धावपट्टीवरील बारीक दगडी कच गोठून टणक होते, घोड्यांच्या नाकपुड्यांभोवती श्वासाचे दव पांढरे होऊन चिकटते. अशा थंडीतही पाय चाचपताना हातमोजा काढावाच लागतो. गुडघ्याखालच्या कंडरेवर अंगठा फिरवताना उष्णता जाणवते का, किंचित सूज आहे का, दाबल्यावर घोडा पाय उचलतो का, हे मोज्यातून कळत नाही. एक पाय दुसऱ्याशी ताडून पाहायचा. काही जण दुखरा पाय आधी बर्फात बुडवून ठेवतात. मग तो गरम लागत नाही; पण जोडीच्या पायापेक्षा जास्त गार लागतो, आणि सरावलेल्या बोटाला तेवढे पुरते.

अशा रात्री एखादी घोडी समोर येते. सात वर्षांची, तांबूस, गेली पाच वर्षे जवळजवळ दर आठवड्याला धावलेली. सराव फेरीत ती धावपट्टीवरून जात असताना वैद्यक कठड्याशी उभी राहून तिच्या डोक्याकडे पाहते. पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली झुकवतो. अंगाचे ओझे दुखऱ्या जागेवरून काढून घेण्याची ती त्याची रीत. दुडकी चालणाऱ्यात हे स्पष्ट दिसते. पायांना पट्टे बांधलेल्या घोड्यात ते लपते. ही घोडी पट्ट्यांतली आहे, तरी मान डावीकडे किंचित ओढली जाते आणि चालकाचा एक लगाम दुसऱ्यापेक्षा ताणलेला राहतो.

"तिचे हे नेहमीचेच आहे, डॉक्टर," घोडीचा प्रशिक्षक जवळ येऊन म्हणतो. "अंग गरम झाले की ती मोकळी होते. आणखी दोन फेऱ्या मारू द्या."

हे खोटे नसते. जुने दुखणे असलेला घोडा खरोखरच गरम झाल्यावर सरळ चालतो. अवघड आहे ते याच्या पुढचे: सरळ चालला म्हणजे दुखणे गेले की झाकले गेले? मैलभर शर्यतीत शेवटच्या पाव मैलाला काय होईल? पुढच्या शर्यतीला वीस मिनिटे असतात. वैद्यक घोडीला थांबवून पाय उचलते, पुन्हा चाचपते, दगडी फरशीवरून सरळ चालवून घेते, मग वळवून घेते. वळताना डोके वर जाते.

"आज नाही," ती म्हणते आणि रेडिओवर पंचांना क्रमांक कळवते. फलकावर घोडीच्या नावावर रेघ येते.

तो मनुष्य खलनायक नाही, हे तिला ठाऊक असते. मालक, प्रशिक्षक आणि खरारा करणारा तो एकटाच. दोन तास ट्रेलर हाकत आला, तसाच परत जाणार. आज बक्षीस नाही, पेंढ्याचे आणि नालबंदाचे बिल मात्र आहेच. प्रांताने स्लॉट यंत्रांच्या उत्पन्नातील शर्यतींचा वाटा २०१३ साली काढून घेतला, तेव्हा त्याच्यासारख्या कितीतरी लहान पागा मोडल्या. उरलेल्यांचा गाडा आठवड्याच्या आठवड्याला निघणाऱ्या कमाईवर चालतो. तो रागावत नाही. घोडीच्या पाठीवर घोंगडी टाकतो, खिशातून पेपरमिंट काढून तिच्या ओठांपुढे धरतो आणि विचारतो, "यादीवर किती दिवस?"

यादी म्हणजे पशुवैद्यकाची यादी. तीत नाव चढले की पुन्हा तपासणी होऊन मोकळीक मिळेपर्यंत शर्यत बंद. कागदावर ही घोडीच्या हिताची तरतूद आहे, आणि ती तशी आहेच. पण सात वर्षांची, पाय जायबंदी असलेली, कमाई थांबलेली घोडी कोठे जाते, हा प्रश्न यादीच्या बाहेरचा आहे. नशीब चांगले असेल तर तिला पैदाशीसाठी ठेवतात, किंवा दत्तक देणाऱ्या संस्थेमार्फत एखाद्या घरी पाठवतात. ही जात शांत स्वभावाची असल्यामुळे हौशी मुलांना ती सोसते. ग्वेल्फच्या पलीकडे एल्मायरा आणि सेंट जेकब्सच्या परिसरात जुन्या परंपरेचे मेनोनाइट शेतकरी राहतात. ते मोटार वापरत नाहीत. त्यांच्या काळ्या बग्ग्यांना धावपट्टीवरून उतरलेले असेच घोडे जुंपलेले असतात आणि रविवारी सकाळी डांबरी रस्त्यावर त्यांच्या टापांचा नियमित नाद ऐकू येतो. आणि काही घोडे लिलावात जातात. अमेरिकेतील घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले. कॅनडात ते कायद्याने चालू राहिले. लिलावात बोली लावणारा तेथे मांसाच्या भावाने वजन मोजतो. वैद्यकाच्या नकाराने घोडी आजच्या मैलापासून वाचली. त्या नकारानेच तिची किंमत उतरली. दोन्ही गोष्टी एकाच सहीखाली असतात.

म्हणून काही अधिकारी कठोर समजले जातात आणि काही सौम्य, आणि प्रशिक्षकांना दोघांची नावे ठाऊक असतात. तरी यात सौम्यपणा कोणता हे सांगणे सोपे नाही. पाय मोडून धावपट्टीवर पडलेल्या घोड्याभोवती पडदा धरला जातो, तेव्हा वीस मिनिटांपूर्वी 'जाऊ द्या' म्हणणाऱ्याला त्या पडद्याच्या आत जावे लागते. अतिभार घालू नये, हे व्रत आपल्या परंपरेत श्रावकाच्या पदरी दिले आहे, कारण जनावर त्याच्या दावणीला असते. येथे ते अनोळखी शासकीय नोकराच्या पदरी आले आहे आणि दावण दुसऱ्याची आहे. महाराष्ट्रातही बैलगाडा शर्यतींवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उठवली, ती अटी घालून. त्या अटींत बैलाला पशुवैद्यकाने तपासणे आले. घाटावर बैल तपासणाऱ्या त्या तरुण डॉक्टरला आणि मोहॉकच्या कठड्याशी उभ्या असलेल्या या बाईंना एकमेकांची भाषा समजणार नाही, अडचण मात्र सांगावी लागणार नाही.

शेवटची शर्यत संपते तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात. प्रेक्षक कधीच निघून गेलेले. कॅसिनोचे दार तेवढे उजळलेले असते. जिंकलेला घोडा आणि पंचांनी निवडलेले आणखी काही घोडे चाचणीच्या पागेत येतात. प्रत्येकाला ताज्या पेंढ्याच्या खणात सोडतात. लांब दांड्याला पेला अडकवलेला तंत्रज्ञ मागे उभा राहतो, रक्ताच्या नळ्यांवर क्रमांक चढतात, मोहोर लागते, मोतद्दार साक्षीदार म्हणून सही करतो. मूत्र मात्र कोणाच्या हुकमाने येत नाही. घामाने भिजलेला विजेता पेंढा हुंगतो, गोल फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. मोतद्दार ओठ गोल करून हलकी, एकसुरी शीळ घालू लागतो. शिंगरू असल्यापासून त्याला याच शिळेची सवय लावलेली असते.

बाहेर तांबड्या घोडीचा ट्रेलर ग्वेल्फ लाइनकडे वळतो. वैद्यक खिडकीतून त्याचे मागचे दिवे पाहते, वहीत तिच्या नावापुढे फेरतपासणीची तारीख लिहिते, बधिरलेली बोटे गरम कॉफीच्या कपाभोवती धरते आणि परत खणाशी येते. विजेता अजून फिरतोच आहे. मोतद्दार क्षणभर थांबून श्वास घेतो आणि पुन्हा शीळ घालू लागतो.